दोरीला हात

"छायाचित्र खोटं बोलत नाही, आणि ज्याने ते काढलं त्याला खोटं बोलण्याचा अधिकार नाही," असं मी खाजणवाडीच्या मांगरात, तीस-चाळीस माणसांसमोर उभं राहून, छातीवर हात ठेवून म्हणालो.

"बस खाली," माझी आते म्हणाली. "उजेड अडयतंस."

मी बसलो. मांगर म्हणजे रापणीचं जाळं, दोर आणि वल्ही ठेवायची, माडाच्या झापांनी शाकारलेली लांबलचक शेड. तिला दार एकच, आणि मी नेमका त्या दारात उभा होतो. मधोमध एका उपड्या खोक्यावर वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलेलं होतं. कात्रणात मी काढलेला फोटो होता. त्या फोटोवरून माझ्या आतेचा रापणीतला मासळीचा वाटा राहणार की जाणार हे ठरायचं होतं. मी आत्ताच, शुद्ध मराठीत, तो जाण्याच्या बाजूने साक्ष दिली होती.

हे फेब्रुवारीतलं. फोटो त्याआधीच्या ऑक्टोबरातला.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. कलाशाळेचा डिप्लोमा, खांद्यावर जपानी कॅमेरा आणि गळ्यात विनाकारण एक मफलर. मुंबईतल्या एका संस्थेने मला किनाऱ्यावरचं दैनंदिन जीवन टिपण्यासाठी वर्षाची शिष्यवृत्ती दिली होती. अर्जात मी स्वतःला 'या किनाऱ्याचा पुत्र' म्हटलं होतं. किनाऱ्याने पुत्राला शेवटचं पाहिलं होतं ते नवव्या वर्षी, वडिलांना मुंबईत नोकरी लागली तेव्हा. पण परीक्षकांपैकी कुणीही पुण्याच्या पुढे राहत नसल्यामुळे हा मुद्दा निघाला नाही.

द्वारका आते माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय साठ-पासष्ट, अंगाने वाळलेल्या सुंगटासारखी, म्हणजे सुक्या कोळंबीसारखी. मूलबाळ नाही. नवरा रापणीतलाच होता, पण तो समुद्रात गेला नाही, काविळीने गेला. हे माझ्या फोटोखालच्या मजकुराच्या दृष्टीने गैरसोयीचं होतं. पहिल्या दिवशी तिने मला ओळखलं नाही. ओळखल्यावर तिचा चेहरा आणखी पडला.

"किती दिस ऱ्हवतलंस?"

"महिनाभर."

"कित्याक?"

"तुमचं रोजचं जगणं टिपायचंय, आते."

"टिपूक काय ते कोंबयेचे दाणे?" असं म्हणून तिने मला पेज वाढली. पुढचा महिनाभर तिने मला रोज दोन वेळा जेवायला घातलं आणि तितक्याच नियमाने माझा अपमान केला. दोन्हींत कधी खाडा झाला नाही.

गावाची अडचण वेगळी होती. कॅमेरा दिसला की माणसं ताठ व्हायची. कुणी शर्ट घालायला घरात पळायचं. जयवंत मेस्त तर मिशीला तेल लावून यायचा. मी त्यांना समजावून सांगत असे की असं करू नका, नैसर्गिक वागा.

"नैसर्गिक म्हंजे कसा?" जयवंतने एकदा विचारलं.

"म्हणजे मी इथे नाहीच असं समजा."

"ता आमी तू इलंस त्या दिसापासून समजतंव."

मला हवी होती रापण. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आणि ते ओढणाऱ्या मंडळींनाही रापणच म्हणतात. होडी जाळं घेऊन पाण्यात जाते, अर्धगोल टाकत टाकत लांबवर परत किनाऱ्याला लागते. जाळ्याला दोन टोकं, दोन दोर. माणसांची एक फळी दक्षिणेचा दोर ओढते, दुसरी उत्तरेचा. दोन्ही फळ्या ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात आणि दोन-अडीच तासांनी मधे जाळं वाळूवर येतं. दक्षिणेच्या दोरावर आबा सारंग, हे रापणीचे तांडेल, म्हणजे प्रमुख. उत्तरेच्या दोरावर जयवंत. होडीला निळा रंग द्यायचा की हिरवा यावरून या दोघांचं आठ वर्षांमागे बिनसलं होतं आणि तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. रापण मात्र नीट चालली होती, कारण दोघांच्या मधे कायम एक जाळं आणि अर्धा किनारा असे. होडी करड्या रंगाची होती.

वाटणीचा नियम एकच. जाळं वाळूला लागण्याआधी ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा. हात किती जोराने लागला हे कुणी बघायचं नाही. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, आतेसारख्या एकट्या बायकांना त्यामुळे रोज टोपलीभर मासा मिळे. त्यातला थोडा ती खाई, थोडा विके, उरलेला सुकवी. तिचं जगणं तेवढंच होतं. हेच ते दैनंदिन जीवन, पण ते टोपलीत मावत असल्यामुळे मला भव्य वाटत नव्हतं.

एक अडचण होती. रापण लागायची पहाटे साडेचारला आणि मी उठायचो सातला. तीन वेळा निश्चय करून उठलो. तिन्ही वेळा मी पोचलो तेव्हा वाळूवर वाटे घालून झालेले होते आणि कावळे उरलंसुरलं निवडत होते. चौथ्या दिवशी मी आबांना गाठलं. ते होडीच्या सावलीला विडी ओढत बसले होते.

"आबा, पहाटे उजेड नसतो हो. संध्याकाळी पाच ते सहा काय सोनेरी ऊन पडतं! रापण संध्याकाळी नाही का ओढता येणार?"

आबांनी विडी तोंडातून काढली. "मासो काय तुझ्या उजेडाक इचारून येता?"

"एकदाच."

"जा घराक."

मी गेलो. पण रोज जाऊन विचारत राहिलो. बाकीच्यांनाही विचारलं. दुपारी सगळे झोपलेले असत आणि आते तेवढी मांगरात लाकडी सुई घेऊन जाळ्यात बसलेली असे. मांगरात प्रकाश मुळीच नव्हता, त्यामुळे तिकडे मी फिरकत नसे. चार दिवस मी असा तोंड पाडून किनाऱ्यावर हिंडलो. पाचव्या दिवशी आते मांगरातून आली, हात धुतले आणि म्हणाली, "आज पाचाक ये म्हणान सांगल्यानी. सांजचे."

"रापणीला?"

"नाय, तुझ्या लग्नाक."

मी साडेचारलाच तिथे होतो. आणि खरोखर, पाचच्या ठोक्याला माणसं वाळूत उतरली. वीस जणांनी दोर धरला. पाण्यातून वर येणारा ओला, ताठ दोर, त्यावर मागे झुकलेली शरीरं, पायांनी उकरलेली वाळू, मानेच्या शिरा, मागून येणारं ऊन. सगळ्यांत पुढे आबा आणि जयवंत, खांद्याला खांदा लावून! आठ वर्षांचं वैर त्या दोरावर विरघळलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. इतकी नैसर्गिक माणसं मी त्या गावात पहिल्यांदाच पाहत होतो.

एकटी आते नाटक बिघडवत होती. ती रांगेत शेवटी उभी होती. डावा हात दोरावर नुसता ठेवलेला, जसा आपण ओट्यावर ठेवतो, उजवा कमरेवर, तोंड उघडं. ती मला काहीतरी बोलत होती. लाटांमुळे ऐकू आलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून ते छापण्यासारखं नसावं. मी अख्खा रोल संपवला. सहाला ऊन गेलं.

"जाळं यायला अजून किती वेळ?" मी आबांना विचारलं.

"खूप वेळ आसा," आबा दम खात म्हणाले. "तू जा."

मी गेलो. मला ओढणारी माणसं हवी होती. मासे मी मंडईत पाहिले होते. शिवाय भिंगावर मीठ बसलं होतं.

मुंबईला जाऊन प्रिंट काढल्या. छापताना थोडं इकडंतिकडं केलं, ते सगळेच करतात. त्यांतली एक प्रिंट एका मोठ्या प्रदर्शनात पाठवली. तिथे अट होती की फोटो जुळवून, माणसं उभी करून काढलेला नसावा, आणि तसं सही करून द्यायचं. मी सही केली. फोटोला पहिलं बक्षीस मिळालं आणि जानेवारीत तो एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत अर्धं पान छापून आला. खाली माझाच मजकूर होता: 'लाटांपुढे वैरीही एका दोरीला हात लावतात.' शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता लगेच मंजूर झाला आणि फेब्रुवारीत मी पुन्हा खाजणवाडीला निघालो. बसमध्ये मनाशी घोकत होतो, लोक किती भारावून गेले असतील.

बसस्टॉपवर जयवंत भेटला. त्याने मला पाहिलं आणि रस्त्याच्या पलीकडे गेला. त्याच्या ओसरीवर फोटोचं कात्रण प्लॅस्टिक चढवून लावलेलं होतं हे मला जाता जाता दिसलं. आणखी चार घरांत दिसलं. पण चारही घरांतल्या माणसांना तेवढ्यात आत काहीतरी काम निघालं.

आतेने ताट माझ्यासमोर आपटलं. "परत इलंस?"

"आते, पेपरात बघितलास का फोटो?"

"बघितलंय."

"मग?"

"मीठ होया तर सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीराम टिकम आला. हा उत्तरेच्या दोरावरचा. ऑक्टोबरात मी ते फोटो काढले तेव्हा तो सासऱ्याच्या बाराव्याला वेंगुर्ल्याला गेला होता, त्यामुळे फोटोत नव्हता. हे त्याला लागलं असावं अशी माझी समजूत. मी त्याला खुर्ची दिली. त्याने ती नाकारली आणि ओसरीच्या खांबाला टेकून कात्रण उलगडलं.

"ह्यो फोटो खरो मा?"

"म्हणजे काय?"

"म्हंजे माणसां उभी करून काढलेलो नाय मा? तू हय ऱ्हव, तू थय ऱ्हव, असा कायएक सांगलंस नाय?"

हा प्रश्न मला प्रदर्शनातल्या समीक्षकानेही इतका नेमका विचारला नव्हता. मी हरखलो. "मोतीरामदादा, मी माणसं उभी करत नाही. जे असतं ते टिपतो."

"बरा झाला. सोमवारी दोपारी मांगरात बैठक आसा. थय येऊन इतक्याच सांग." कात्रणाची घडी घालून तो उतरला. पायरीवर थांबला. "सही केलंस म्हणान छापलाहा पेपरात. सही केललो माणूस शब्द फिरवणा नाय."

आत चुलीशी आते सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, हातात पळी.

"गेलो तो? आता आयक. तेचो धाकटो भाव मुंबयहून परत इलोहा. तेका रापणीत वाटो व्हयो. नवो वाटो काढूचो तर जुनो एक कमी करूक होयो. आणि तुझ्या फोटोत माझो हात नुसतो ठेवलेलो दिसता."

मी कात्रण काढून पाहिलं. माझ्याकडे सहा होती. खरंच, तिचा हात नुसता ठेवलेला दिसत होता. एकोणीस माणसं जिवाच्या आकांताने ओढताहेत आणि ही ओट्याशी उभी राहावी तशी उभी. रचनेच्या दृष्टीने फार छान होतं ते. परीक्षकांनी त्याचा खास उल्लेख केला होता.

"आते, पण नियम तर हात लागण्याचा आहे ना?"

"मोतीराम म्हणता, नियम म्हाताऱ्यांची कीव करून केललो. आता पेपरात इला, सगळ्या जगान बघितला, आता कीव नाय."

"तू ओढत का नव्हतीस पण?"

"कित्याक वढू?"

आळशीपणाची इतकी सरळ कबुली मी कुणाकडून ऐकली नव्हती.

सोमवारपर्यंत चार दिवस होते. तिचा वाटा वाचवायला एवढंच म्हणायचं होतं की आतेला मीच तसं उभं केलं. बस, एक वाक्य. पण ते वाक्य बैठकीच्या वहीत लिहिलं जाणार, मोतीराम ते मुंबईला कळवणार याबद्दल मला शंका नव्हती. बक्षीस जाणार. शिष्यवृत्ती जाणार. आणि जुळवून फोटो काढणारा म्हणून माझं नाव होणार. एका बाजूला माझं सगळं पुढचं आयुष्य, दुसऱ्या बाजूला माशाची एक टोपली. असं मी ते तराजूत घातलं. टोपलीत आतेचं उरलेलं आयुष्य होतं हे मला माहीत होतं. पण ते वजनाने कमी भरत होतं, आणि तराजू माझा होता.

"मी सोमवारी काय सांगू?" मी रविवारी दुपारी तिला विचारलं.

"मी तुका कायएक सांगणंय नाय. तू खरो माणूस. खरा काय ता सांग." ती सुकटीवरच्या माश्या हाकलत होती. "तुका खरा म्हायत आसला तर."

हा टोमणा आहे एवढं कळलं. कशावर आहे ते कळलं नाही.

बैठक दुपारी तीनला भरली. मांगराच्या आढ्याला जाळं टांगलेलं होतं, त्याखाली सगळे. आबा एका टोकाला, जयवंत दुसऱ्या टोकाला. मोतीरामने कात्रण फिरवलं. फोटोत असलेल्या माणसांकडे ते आलं की ती बघतही नसत, सरळ पुढे देत. सगळ्यांच्या माना खाली. कलेपुढे माणूस कसा विनम्र होतो, असं माझ्या मनात आलं.

"मी कोणाच्या पोटावर पाय देवक इलंय नाय," मोतीराम म्हणाला, आणि दिला. "पण जी बाय दोरी वढणाच नाय, तिका वाटो कसलो? हयसर सगळे वढतत. आबा बघा. जयवंत बघा, डोळे भायर इलेहत. आणि द्वारकाबाय बघा. वाऱ्याक उभी!"

"आबा, तुम्ही काय म्हणता?" कुणीतरी मागून विचारलं.

आबा विडी शोधत होते. ती त्यांच्या कानावरच होती.

"फोटोवालोच हय आसा," मोतीराम म्हणाला. "तेकाच इचारा. ह्या जुळवलेला काय?"

मग मी उभा राहिलो आणि ते वाक्य म्हणालो, छातीवर हात ठेवून. आते म्हणाली बस खाली. मी बसलो.

"झाला तर मगे," मोतीरामने हात झटकले. "सख्खो भाचो सांगता."

"माका बोलूक गावतला काय?" आते उठली. लुगड्याचा पदर तिने कमरेला खोचला. "तीन गोष्टी इचारूच्यो आसत. पयली ह्या खऱ्या माणसाक. रमाकांता, त्या दिशी मासो खयचो गावलो?"

"मी तोपर्यंत निघालो होतो आते. उजेड संपला होता."

"तुझो उजेड संपलो. मासो संपलो नाय. बरा, तू सांग मोतीराम."

"मी हय नाय होतंय, म्हायत आसा तुका."

"जयवंता, तू होतंस. मासो खयचो गावलो?"

जयवंतने मिशीला हात लावला. "आठवणा नाय."

"चार म्हयन्यापूर्वीचो आठवणा नाय? सात वर्सांमागे गावललो घोळ मासो तू अजून वजनासकट सांगतंस. आणि तो गावललो पण तुका नाय."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"ऱ्हवांदे. दुसरी गोष्ट." तिने खोक्यावरचं कात्रण उचललं आणि मोतीरामच्या नाकासमोर धरलं. "तू वाटो मागूक इलंस तो फोटो नीट बघ. पयलो कोण?"

"आबा."

"तेच्या खांद्याक?"

"जयवंत."

"आबा दक्षिणेक वढता. जयवंत उत्तरेक. आठ वर्सां झाली, दोघांनी एका माडाच्या सावलेक पाय ठेवलो नाय. दोघव ह्या दोरीक आसत. मगे त्या दोरीक कोण होतो?"

वर जाळ्यात एक पाल चुकचुकली. मोतीरामने कात्रण तिच्या हातातून घेतलं, दाराकडे जाऊन उजेडात धरलं. त्याचं बोट आबांवरून जयवंतवर गेलं, जयवंतवरून परत आबांवर, मग दोरावरून समुद्राकडे, जिथे फोटो संपत होता तिथपर्यंत. तो मासेमार होता. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"आवशीचो..." तो म्हणाला, आणि बायका असल्यामुळे पुढचा शब्द गिळला.

मला अजून काही कळलं नव्हतं. चार महिने मी तो फोटो पाहत होतो. भिंगाखाली, चौकटीत, बक्षीस समारंभात पडद्यावर. फळ्या दोन असतात हे मला माहीत होतं. मीच शिष्यवृत्तीच्या अहवालात ते दीड पान लिहिलं होतं.

"तिसरी गोष्ट काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"तिसरी इचारणंय नाय," आते म्हणाली. "ती इचारलंय तर हय एकोणीस तोंडां काळी जातली." आणि ती खाली बसली.

आबा उठले. "द्वारकाबायचो वाटो आसा तसो ऱ्हवतलो. मोतीरामाच्या भावाचा पुढल्या वर्सा बघूया. उठा."

इतक्या झटपट उठलेली बैठक मी पाहिली नाही. बाहेर पडताना जयवंत माझ्यापाशी थांबला. त्या खेपेला तो माझ्याशी आपण होऊन बोलला ते तेवढंच.

"तुका साक्ष देवक कोणी सांगल्यान होता रे?"

"मोतीरामने."

"तेका अक्कल नाय. तुका डिप्लोमा आसा मा?"

मोतीराम कात्रणाचा बोळा करून माझ्या पायाशी टाकून गेला. "फोटो काढूक येणा नाय तर काढू नये माणसान," तो म्हणाला. "उगीच दुसऱ्याचा नुकसान."

आते कुणासाठी थांबली नाही. ती सुकट उचलायला गेली, कारण ऊन उतरलं होतं.

मांगरात आबा आणि मी उरलो. आबांना शेवटी कानावरची विडी सापडली.

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी..."

"तू चार दिस डोका खाल्लंस. उजेड उजेड उजेड. माणसांक दोपारची झोप नाय. म्हटला, देवया तेका एक फोटो. जातलो तरी हयसून." त्यांनी काडी ओढली. "आणि गेलंस मा तू. दुसऱ्याच दिशी गेलंस."

"म्हणजे जाळं पाण्यात नव्हतंच?"

आबांनी विडीनेच वर दाखवलं. आढ्याला जाळं टांगलेलं होतं. जुन्या काळपट दोऱ्यात जागोजाग नव्या पांढऱ्या दोऱ्याची ठिगळं होती, दाट, बारीक, एकसारखी.

"पाच दिस हयच होता. मोरी माशान फाडलेला. द्वारकाबाय बसान शिवत होती."

पाच दिवस. मी संध्याकाळचा उजेड मागत किनाऱ्यावर हिंडत होतो तेच पाच दिवस. मी दुपारी कधी मांगरात डोकावलो नाही, तिथे प्रकाश नव्हता.

"आणि दोर? तो ताठ होता आबा. पाण्यातून येत होता."

"खडपाक, पाण्यातल्या त्या काळ्या खडकाक बांधलेलो. गाठ द्वारकाबायनच मारल्यान. आमची सुटली आसती, एकोणीस जण वढतत म्हटल्यार." आबांनी धूर सोडला. "म्हणान ती वढी नव्हती. तिका म्हायत होता. खडाप काय वढून येता?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघालो. आतेने वाटेत खायला चार तळलेल्या तारल्या बांधून दिल्या आणि पुन्हा येऊ नको असं सांगितलं. मी सांगितल्याप्रमाणे केलं. बक्षीस परत केलं नाही. फोटो पुढे एका बँकेच्या कॅलेंडरवर आला, मे महिन्याला.

निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. भिंग लावून पाहिलं की उजव्या कोपऱ्यात, दोर पाण्यात शिरतो तिथे, एक काळं खडप डोकं वर काढून आहे आणि त्याला दोराचे दोन वेढे दिसतात. प्रिंट काढताना ते मी कापलं होतं. रचनेत जड वाटत होतं.